जतचा श्रोता आणि आठवड्याची गाणी

स्वातंत्र्योत्तर काळातील नभोवाणीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः दोन ठिकाणी स्थिरावते: एक दिल्लीचे नभोवाणी मंत्रालय व दुसरे कोलंबोचे प्रक्षेपणकेंद्र. या दोहोंमधील स्पर्धेची कथा रंजक आहे, यात शंका नाही. परंतु जो ऐकत होता त्याचे या कथेत स्थान कोणते, हा प्रश्न तीत फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत टिपणात तो जत तालुक्याच्या जागेवरून विचारण्याचे योजिले आहे.

ही जागा निवडण्यास कारण आहे. डफळे घराण्याचे जत संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले; त्यानंतर हा मुलूख दक्षिण सातारा जिल्ह्यात आला व १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. तालुका अवर्षणग्रस्त, पूर्वेकडील उमदी, संख, उमराणी या बाजूस मराठीइतकीच कन्नड बोलली जाते. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर ‘जत रोड’ नावाचे स्थानक आहे खरे, पण जत गाव त्यापासून दूर. मुंबई येथून सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर, तर कोलंबो १,२०० किलोमीटरांहून अधिक. तथापि लघुलहरींच्या बाबतीत अंतराचा हा हिशेब लागू पडत नाही. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत प्रवास करीत क्षीण होतात, तर लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होऊन दूरच्या प्रदेशात उतरतात. युद्धकाळात सैनिकांसाठी उभारलेले कोलंबोचे प्रक्षेपक युद्धानंतर सिलोन सरकारकडे आले आणि त्यांचा आवाज दख्खनच्या पठारावर पोहोचला, तो या भौतिक कारणाने.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. गीतासोबत चित्रपटाचे नाव उच्चारणे ही जाहिरात ठरते की नाही, यावरून निर्माते व ऑल इंडिया रेडिओ यांच्यात वितुष्ट आले आणि ही गीते सरकारी केंद्रांवरून जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी, ३ डिसेंबर रोजी, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री ८ वाजता अमीन सयानी निवेदन करीत. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई व फिती कोलंबोस जात. आरंभी सात गीते कोणत्याही क्रमाने वाजविली जात व त्यांचा लोकप्रियतेनुसार क्रम लावणाऱ्या श्रोत्यास १०० रुपयांचे पारितोषिक असे. पहिल्याच कार्यक्रमास सुमारे ९,००० पत्रे आली व वर्षभरात आठवड्याची संख्या ६५,००० वर गेली, असे सयानी सांगत असत. पुढे स्पर्धा बंद होऊन निवेदकच क्रम जाहीर करू लागला. ‘पायदान’ व ‘सरताज गीत’ हे शब्द त्यातून रूढ झाले.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे अवश्य वाटते. हा क्रम देशाच्या आवडीचा निर्देशक म्हणून ऐकला जाई. पण तो ठरविताना ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या दुकानांकडून आलेल्या खपाच्या आकड्यांना मोठे वजन असे. ध्वनिमुद्रिका विकत घेणे म्हणजे आधी ग्रामोफोन घरी असणे. दुष्काळी तालुक्यातील शेतकऱ्याचे मत या मापात पडणार कोठून? त्याच्या हाती होते ते पोस्टकार्ड, आणि नंतरच्या काळात श्रोता संघ. दुकानातील माल संपला की खपही थांबतो, मग गीताची आवड ओसरली असे मानावयाचे काय, अशी अडचण उभी राहिल्यामुळे श्रोता संघांच्या मतांना कार्यक्रमाने स्थान दिले. नभोवाणीच्या इतिहासात हा लहानसा फेरफार समजला जातो. माझ्या मते तो मताधिकाराचा विस्तार होता.

निवेदनाच्या भाषेचाही विचार केला पाहिजे. सयानींच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक चालवीत. ते नागरी, उर्दू व गुजराती लिपींत निघे, आणि त्याच्या कामात अमीन यांचा हातभार असे. सोप्या हिंदुस्थानीचा सराव त्यांना तेथे झाला. गीतांविषयी जाता जाता केलेले त्यांचे बोलणे मराठी वा कन्नड घरातही समजे, याचे मूळ या नवसाक्षरांच्या पत्रात शोधावे लागते.

याच काळात दुसरा एक साप्ताहिक क्रम पुण्याहून सुरू झाला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत, शनिवारी व रविवारी त्याचे पुनःक्षेपण. त्या वर्षी अधिक मास आल्याने ५२ ऐवजी ५६ गीते झाली. कवी ग. दि. माडगूळकर हे जतच्या उत्तरेस, त्याच कोरड्या पट्ट्यातील आटपाडी भागाचे. त्यांचा जन्म शेटफळे येथील. वृत्तपत्रे गीतांचे शब्द छापू लागली, हा श्रोत्यांच्या आग्रहाचाच परिणाम. तरीही पुढच्या शुक्रवारी काय ऐकावयाचे, हे श्रोता ठरवीत नव्हता. जतच्या मराठी श्रोत्यापुढे अशा रीतीने दोन आठवडे होते: बुधवारी मत होते पण भाषा परकी, शुक्रवारी भाषा आपली पण मत नाही. पूर्वेकडील कन्नड घरांना शुक्रवारचाही आधार नव्हता. त्यांची भाषा १९५० साली सुरू झालेल्या धारवाड केंद्राकडे होती.

केसकरांच्याच कारकीर्दीत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू होऊन चित्रपटगीतांना सरकारी दार उघडले. त्याच दिवशी, विजयादशमीस, ‘गीतरामायण’ ग्रंथरूपाने केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले. हा योगायोग असला तरी बोलका आहे. १९६३ साली सांगलीस आकाशवाणीचे केंद्र आले आणि जिल्ह्यास मध्यम लहरींवर स्वतःचा आवाज मिळाला. मराठी केंद्रांवरील फर्माइशीच्या कार्यक्रमांत गीताआधी श्रोत्यांची नावे व गावे वाचली जात. एकेका पोस्टकार्डावर सारे घरदार, शेजारी व मित्रमंडळी दाटीवाटीने लिहिलेली असत. गीत तीन मिनिटांचे, आणि नावांची यादी कधी कधी तेवढीच लांब.