से कॅथीड्रल, जुने गोवे

से कॅथीड्रल : गोव्याच्या तिसवाडी तालुक्यात, पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी.वर मांडवी नदीच्या दक्षिण तीरी वसलेल्या जुने गोवे येथील रोमन कॅथलिक पंथाचे मुख्य प्रार्थनामंदिर. ‘से’ हा पोर्तुगीज शब्द आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून ‘कॅथीड्रल’ या संज्ञेच्या मुळाशीही बिशपचे आसन हाच अर्थ आहे. प्रचलित नावात त्यामुळे एकाच अर्थाची द्विरुक्ती झालेली दिसते. ज्या चर्चमध्ये धर्मप्रांताच्या बिशपचे आसन असते, तेच कॅथीड्रल होय. वास्तूचा आकार, वय किंवा वैभव यांचा या पदाशी संबंध नाही. समोरच्या बॉम जेझूस चर्चला पर्यटक अनेकदा कॅथीड्रल म्हणतात, ते बरोबर नाही. ते बॅसिलिका आहे आणि हा मान त्याला १९४६ मध्ये मिळाला.

अफोंसू द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे शहर जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनच्या सणाचा होता. त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या लहानशा चॅपेलला पोप तिसरा पॉल याने १५३४ मध्ये कॅथीड्रलचा दर्जा दिला. पुढे गोव्याचे धर्मपीठ आर्चबिशपचे झाले. पूर्वेकडील पोर्तुगीज धर्मसत्तेचे केंद्र म्हणून शहराचे महत्त्व वाढले, तेव्हा हे चॅपेल अपुरे पडू लागले. राजा सेबॅश्चन याच्या कारकीर्दीत १५६२ मध्ये राजकोशातील पैशातून सध्याच्या वास्तूचे काम सुरू झाले. मुख्य बांधकाम १६१९ पर्यंत पुरे झाले. वास्तूचा पवित्रीकरणविधी १६४० मध्ये झाला, तरी वेदिकांचे काम १६५२ पर्यंत चालूच होते. एका वास्तूस लागलेली ही नव्वद वर्षे पोर्तुगीज सत्तेच्या भरभराटीची तशीच तिच्या ओहोटीचीही आहेत. तिसवाडीतील हिंदू देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली होती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासनाची (इन्क्विझिशन) स्थापना झाली व त्याचा वाडा कॅथीड्रलसमोरच्या चौकाच्या दक्षिण बाजूस होता. या वास्तूच्या भव्यतेचा विचार करताना हा संदर्भ दृष्टीआड करता येत नाही.

कॅथीड्रलची लांबी सु. ७६ मी., रुंदी सु. ५५ मी. असून पूर्वाभिमुख दर्शनी भाग सु. ३५ मी. उंच आहे. बाह्यांग टस्कन पद्धतीचे, साधे व जड आहे. अंतर्भागातील स्तंभ कोरिंथियन पद्धतीचे आहेत. मध्यदालन, त्याच्या दोन्ही अंगांची पार्श्वदालने व त्यांना छेदणारे आडवे दालन अशी क्रुसाकृती रचना आहे. मध्यदालनावर अर्धवर्तुळाकार कमानी छत असून दालने जेथे एकमेकांस छेदतात, तेथील छत मात्र गॉथिक परंपरेतल्यासारखे फासळीदार आहे. प्रबोधनकालीन प्रमाणबद्धता आणि जुन्या गॉथिक तंत्राचा अवशेष येथे एकत्र नांदतात. पोर्तुगालमध्ये १५५० च्या दशकात लैरीया, पोर्टालेग्रे व मिरांडा दो दौरू येथे नवी कॅथीड्रले उभी राहत होती. गोव्याचे कॅथीड्रल त्याच पिढीतले आहे. मुख्य वेदिकेमागील सोनेरी मुलाम्याच्या कोरीव पडदीवर संत कॅथरिनचे जीवन व हौतात्म्य यांतील प्रसंग चितारले आहेत. बाहेरच्या संयमित भिंतींवरून आतल्या या झगमगाटाची कल्पना येत नाही.

दर्शनी भागाच्या दोन्ही कडांना मुळात एकेक घंटाघर होते. त्यांपैकी उत्तरेकडील १७७६ मध्ये कोसळले व पुन्हा बांधले गेले नाही. आज जाणवणारी असमतोल आकृती हा वास्तुकाराचा हेतू नव्हे. व्हाइसरॉयने १७५९ मध्येच आपले निवासस्थान पणजीस हलविले होते, साथीच्या रोगांनी शहर ओस पडत चालले होते आणि मोडक्या घरांचे दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेले जात होते. मनोऱ्याची ती रिकामी जागा शहराच्या ऱ्हासाचा सर्वांत बोलका पुरावा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पणजी अधिकृत राजधानी झाली ती १८४३ मध्ये.

ही वास्तू टिकली कशी, याचे उत्तर बरेचसे तिच्या सामग्रीत व नित्य वापरात आहे. कॅथीड्रल जांभ्या दगडाचे आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व उघड्या हवेत कठीण होतो, मात्र तो सच्छिद्र असतो. गोव्याच्या चार महिन्यांच्या मुसळधार पावसात त्याच्या छिद्रांतील माती धुपून जाते व दगड झिजतो. म्हणून जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा देऊन तो वेळोवेळी नूतन करण्याची पद्धत पडली. पांढरा रंग त्यामुळे केवळ शोभेचा ठरत नाही, तो भिंतीचे कवच असतो. या दृष्टीने शेजारच्या बॉम जेझूसचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १५९४ मध्ये सुरू झालेल्या व १६०५ मध्ये पवित्रीकरण झालेल्या या चर्चच्या भिंतीही जांभ्याच्याच आहेत. त्याच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी वसईहून काळा बसाल्ट आणला होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बाहेरचा गिलावा काढून टाकण्यात आला. उघड्या जांभ्याचा तांबूस रंग लोकांना इतका आवडला, की तेच मूळ रूप असे मानले जाऊ लागले. दगडाची झीज मात्र थांबली नाही आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही हा वाद २०२० नंतरही चालू राहिला. रूढ झालेल्या दृश्यापेक्षा दगडाचे आयुष्य महत्त्वाचे मानले, तर गिलाव्याच्या बाजूचा युक्तिवाद अधिक सबळ ठरतो. वापर थांबल्यावर काय होते, हे जवळच्याच संत ऑगस्टीन चर्चमध्ये दिसते. १८३५ मध्ये गोव्यातील धर्मसंघ बंद करण्यात आले. पुढे १८४२ मध्ये त्या चर्चचे छत व १९३१ मध्ये दर्शनी भाग कोसळला. आता सु. ४६ मी. उंचीचा भग्न मनोरा तेवढा उभा आहे. कॅथीड्रलसह जुन्या गोव्यातील चर्चे व मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले.

कॅथीड्रलच्या उरलेल्या दक्षिण घंटाघरात कुंकळ्ळी येथे १६५२ मध्ये ओतलेली प्रसिद्ध घंटा आहे. तिच्या भरदार नादामुळे तिला ‘सोन्याची घंटा’ म्हणतात. वास्तू पडल्या तरी घंटा पुष्कळदा टिकतात व दूरवर जातात. संत ऑगस्टीनची घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे. वसईच्या घंटांचा प्रवास याहून लांबचा. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेला तो प्रदेश चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये जिंकला. किल्ल्यातील संत जोसेफ चर्चला लोक कॅथीड्रल म्हणत आले आहेत. त्याचा मनोरा व दर्शनी भिंत आज उभी आहे, छत नाही. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत मात्र १९९८ मध्ये झाला व त्याचे कॅथीड्रल किल्ल्याबाहेर पापडी येथे आहे. वसईच्या विजयानंतर चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी देवस्थानांना दिल्या. त्यांपैकी एक भीमाशंकर येथे आहे. दुसरी नाशिकच्या पंचवटीत, नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या प्राकारावर टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल असून ‘नारोशंकराची घंटा’ या नावाने ती मराठी बोलीतही रूढ झाली आहे.