लेकीचा वाटा आणि सर्वोच्च न्यायालय

"वडील २००५ च्या आधीच वारले, मग शेतातला माझा वाटा बुडाला का?" बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं आहे. ते नीट समजायचं तर हे न्यायालय आलं कुठून आणि त्याचा अधिकार किती, हे आधी पाहू या.

इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडच्या खटल्याचं शेवटचं अपील साता समुद्रापार लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपुढे चालायचं. २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली आणि दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालय सुरू झालं. हरिलाल कनिया पहिले सरन्यायाधीश. सुरुवातीला न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती, संसद भवनातल्या दालनात काम चालायचं. तिथे पहिली बाई न्यायाधीश व्हायला मात्र १९८९ साल उजाडलं. त्या फातिमा बीवी.

या न्यायालयाची मुख्य कामं तीन. पहिलं, खालच्या न्यायालयांच्या निकालांवरचं शेवटचं अपील ऐकणं. दुसरं, मूलभूत हक्कावर घाला आला तर थेट दाद देणं. हे घटनेचं ३२ वं कलम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा मानलं होतं. तिसरं काम म्हणजे कायद्याचा अर्थ सांगणं. कायदा करते संसद किंवा विधिमंडळ. पण त्यातल्या शब्दांचा अर्थ काय, यावर वाद झाला तर सर्वोच्च न्यायालय सांगेल तो अर्थ देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. तसं १४१ वं कलम सांगतं. कायदा घटनेच्या विरुद्ध असेल तर तो रद्दही करता येतो.

आता आपल्या वाट्याकडे येऊ. मुलींना हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं. ते अडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा झाला. त्यात वडिलांच्या पश्चात त्यांच्या हिश्शातला वाटा मुलीला मिळू लागला. पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींनाही तो दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. मग संसदेनं कायदा बदलला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर, लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली.

इथे वाद उभा राहिला. वडील त्या तारखेआधीच वारले असतील तर? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी सांगितलं की त्या दिवशी बाप आणि लेक दोघंही हयात हवेत. २०१८ मध्ये दुसऱ्या दोन न्यायाधीशांनी, वडील २००१ मध्ये वारलेले असूनही, मुलींना वाटा दिला. एकाच न्यायालयाचे दोन सूर! खालच्या न्यायालयांनी कोणाचं ऐकायचं? अशा वेळी प्रश्न मोठ्या खंडपीठापुढे जातो. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांनी निकाल दिला: मुलीचा हक्क जन्मानं येतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. जुना उलट अर्थ त्यांनी बाजूला सारला. आपलंच म्हणणं दुरुस्त करण्याची ताकदही या न्यायालयाकडे आहे, ती अशी.

मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवा. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी मोडत नाही. "तोंडी वाटणी कधीच झाली" असं भावानं नुसतं म्हटलं, तर तेवढ्यावर ती सहजी मानली जात नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं ते मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे वेगळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही.

आणि एक गोष्ट सर्वोच्च न्यायालयालाही जमत नाही. ते आपणहून आपल्या चावडीवर येत नाही. वडिलांचं दहावं-तेरावं होतं न होतं तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. "सही कर, नाहीतर माहेर तुटेल," असं कोणीतरी म्हणतं, आणि दिल्लीत मिळालेला हक्क एका सहीनं जातो. नोंदलेलं हक्कसोडपत्र नंतर मोडणं फार अवघड असतं. वाटा सोडायचा की ठेवायचा, हे जिचं तिनं ठरवावं. पण कागद वाचून, कोणाच्या दडपणाखाली नाही. सातबाऱ्याचा उतारा काढा. वारसनोंदीत आपलं नाव आहे का ते तलाठ्याकडे पाहा. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या. वकिलाच्या फीची चिंता नको. उत्पन्न कितीही असो, बाईला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या माहेरचा सातबारा घेऊन या. आपण सगळ्या मिळून वाचू.