बागकाम : शिकून करायचा धंदा

बागकाम शिकावं लागतं, ही गोष्ट आपल्या वर्ध्याला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं शिक्षण परिषद भरली. तिनं नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनं शाळेसाठी सुचविलेल्या मूलोद्योगांत फळबाग व भाजीपालाही होता. १९६९ साली अकोल्याला कृषि विद्यापीठ स्थापन झालं. त्याच वर्षी फळरोपवाटिकांना परवाना सक्तीचा करणारा कायदाही आला. कारण उघड आहे. संत्र्याचं कलम खोटं निघालं तर ते फळं धरल्यावरच कळतं. तोवर कित्येक वर्षांचा पैसा, पाणी वाया गेलेलं असतं. म्हणून मुलामुलींच्या नावे नुसता सातबारा करू नका. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधायलाही शिकवा. प्रशिक्षणाची चौकशी सेलसुऱ्याच्या कृषि विज्ञान केंद्रात करा.