तालमीतली माती, नळीतला पारा

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरला जाणारा रस्ता झोपत नाही. दिवसभराची कामं उरकून माणसं घोळक्याघोळक्यानं निघतात आणि सुमारे २५ किलोमीटर पायी तुडवून राजुरेश्वराच्या टेकडीपाशी पोचतात. कुणी अनवाणी, कुणाच्या कडेवर पोर. ताशी ५ किलोमीटरच्या चालीनं, मध्ये चहाला न थांबता, पाच तास लागतात. गणेशाच्या साडेतीन पीठांपैकी राजूर हे एक पूर्ण पीठ. सिंदुरासुराच्या वधानंतर वरेण्य राजाला गणपतीनं गणेशगीता सांगितली ती इथंच, अशी श्रद्धा आहे. पण मध्यरात्र उलटली की या वाटेवर भक्तीच्या बरोबरीनं शरीरही बोलू लागतं. पोटऱ्यांत गोळे येतात, मांड्या भरतात. साठीची एखादी आजी झपाझप पुढे जाते आणि पंचविशीचा नातू मैलाच्या दगडावर बसकण मारतो. असं का होतं, हे नेमकं सांगता येणं हा आज एक अभ्यासक्रम आहे, आणि एक धंदाही.

भोकरदन तालुक्यातल्या तरुणांना व्यायामाचं वेड नवं नाही. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची धाव मारायची म्हणून पहाटे रस्त्यावर उतरणारी पोरं मराठवाड्याच्या कुठल्याही मोठ्या गावात दिसतात. त्यातल्या ज्यांची भरती हुकते, वय निघून जातं, त्यांच्यापैकी काहींना आता जिममधल्या ट्रेनरची वाट दिसू लागली आहे. दोन-चार वर्षं घाम गाळलेला असतोच. त्याला सर्टिफिकेटची जोड दिली की संभाजीनगर, पुणे, मुंबई इथं काम मिळतं. घरच्यांना मात्र हे शिक्षण शहरातून आलेलं फॅड वाटतं. तसं ते नाही. शरीर घडवायला शिकवणारा माणूस आधी स्वतः शिकला पाहिजे, हा विचार मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी रुजला होता, आणि त्यासाठी वर्गही भरत होते.

त्याआधी होता तो वस्ताद. तालमीच्या बुटक्या दरवाजातून वाकून आत गेलं की समोर तांबड्या मातीचा हौद. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवलेलं. पाय ठेवला तर मऊ, अंग टाकलं तर गार. नव्या पोराला वस्ताद आधी लढवत नसे. जोर मारायला लावी. हात खांद्यांच्या रुंदीला, ढुंगण वर, मग छाती जमिनीलगत सरकवत पुढे न्यायची आणि मान उंचावत वर यायचं, जणू आडव्या बांधलेल्या दोरीखालून साप सरपटत गेला. मोजायला खडे. एक फेरी झाली की खडा या बाजूचा त्या बाजूला. आज वीस, चार दिवसांनी पंचवीस, महिन्याभरानं पन्नास. पोराचा रंग, दम, डोळे पाहून वस्ताद आकडा वाढवी किंवा त्याला चार दिवस नुसतं मालिश करून बसवी. हे शास्त्रच होतं, फक्त ते कुठं लिहिलेलं नव्हतं. चांगला वस्ताद गेला की त्याच्या डोळ्यांतलं गणितही त्याच्याबरोबर जाई. वाईट वस्तादाच्या हाती सापडलेल्या पोराचे गुडघे जात, ते वेगळंच.

या परंपरेचे धागे जालन्याच्या आसपास बरेच सापडतात. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, याच जिल्ह्यातल्या जांबचा. नाशिकजवळच्या टाकळीला ते रोज १२०० सूर्यनमस्कार घालीत, असं परंपरा सांगते. गावोगावच्या तालमींत मारुती बसला त्यामागे त्यांची प्रेरणा मानतात. मल्लखांबाची कथा तर थेट निजामाच्या मुलखातून सुरू होते. अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान तिकडून पुण्याला दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी ते उचललं. सप्तशृंगीला जाऊन त्यांनी आराधना केली, मारुतीनं लाकडी खांबावर डाव दाखवले, आणि दादा परत येऊन जिंकले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: जोडीदार नसताना सराव कसा करावा, या प्रश्नाला देवधरांनी खांब हे उत्तर दिलं. व्यायामाचं साधन शोधून काढण्याचं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडणं अवघड.

अनुभवाकडून प्रयोगाकडे जाणारं वळण लागलं ते बडोद्यात. तिथं जुम्मादादा या मुसलमान उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले प्रा. माणिकराव गुरूच्याच नावानं जुम्मादादा व्यायाम मंदिर चालवत. सांघिक कवायतीचे इंग्रजी हुकूम टाकून देशी भाषेतले हुकूम त्यांनी रूढ केले, आणि हाडं बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. पुढे अमळनेरला शिक्षणाचं काम करून हाच तरुण स्वामी कुवलयानंद झाला. गुण्यांना एक प्रश्न सुटत नव्हता. उड्डियान आणि नौली या योगक्रिया केल्यावर पोटात नक्की काय घडतं? गुरूनं सांगितलं म्हणून मान डोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढले. नौली करणाऱ्याच्या आतड्यातला दाब पाऱ्याच्या मॅनोमीटरनं मोजला. पारा बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली गेलेला दिसला, म्हणजे आत पोकळी तयार होत होती. आपले गुरू मालसरचे माधवदासजी यांच्या स्मरणार्थ त्यांनी तिला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि प्रयोग छापण्यासाठी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. योगी माणूस, समोर काचेची नळी, नळीत हलणारा पारा: भारतातल्या व्यायामशास्त्राची सुरुवात दाखवायला याहून चांगलं चित्र नाही.

त्याच १९२४ साली अमरावतीत दुसरी गोष्ट घडली. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेल्या हनुमान आखाड्याचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं होतं. त्या मंडळानं उन्हाळी वर्ग सुरू केले. व्यायाम करणाऱ्यांपेक्षा व्यायाम शिकवणाऱ्यांसाठी ते वर्ग होते. देशभरातले शिक्षक सुट्टीत अमरावतीला येत आणि लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती शिकवायला शिकून आपापल्या गावी परतत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, ४५ अंशांच्या झळांत, मे महिन्यात हे वर्ग भरत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुण्यात याच १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. लोणावळा, अमरावती, पुणे: एका वर्षात तीन सुरुवाती.

राजूर मात्र या नकाशावर नव्हतं, आणि त्याचं कारण दूरचं अंतर नव्हतं. भोकरदन तालुक्याला लागूनच बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं, १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्यावर गेलं. हद्दीच्या अलीकडचा औरंगाबाद (आताचा संभाजीनगर) जिल्हा, आणि त्यातला जालना-भोकरदनचा भाग, निजामाकडेच राहिला. भाषा एक, ज्वारी एक, यात्रेचे फडही एकमेकांत मिसळलेले. पण पलीकडे संस्था काढता येत होती आणि अलीकडे ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकमामुळे साध्या सभेलाही परवानगी लागे. आखाड्यांवरही बंधनं होती. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ती काढण्याची मागणी झाली. चार पोरं एकत्र येऊन लाठी फिरवू लागली की हुकुमतीला धास्ती वाटे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत हे असंच चाललं. मराठवाडा शाळा-कॉलेजांत मागे राहिला याची चर्चा पुष्कळ होते. व्यायामाच्या शिक्षणातही तो याच कारणानं मागे राहिला, हे क्वचितच कुणी बोलतं.

हद्दीबाहेर काम जोरात होतं. बडोद्याहून करंदीकर-मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढायला घेतला आणि १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड छापले. जोरांचे प्रकार, कुस्तीचे डाव, शस्त्रं, आहार असं सगळं मराठीत, चित्रांसह. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारनं शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कुवलयानंद होते. १९३८ मध्ये कांदिवलीला व्यायाम शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. वस्तादाच्या जागी प्रशिक्षित शिक्षक उभा राहू लागला.

या सुमाराला अमेरिकेत हार्वर्डची ‘फटीग लॅबोरेटरी’ (१९२७ ते १९४७) माणूस थकतो म्हणजे काय होतं हे मोजत होती. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी वजनं उचलायला लावली: दहा वेळा उचलता येईल एवढं वजन, ठरावीक फेऱ्या, आणि ताकद वाढेल तसं वजनही वाढवायचं. १९४५ मध्ये त्यांनी हे छापलं. आज प्रत्येक जिममध्ये ‘दहाचे तीन सेट’ म्हणतात त्याचं मूळ इथं आहे. तालमीत खडे सरकवणारा वस्ताद ते वाचून म्हणाला असता, मग मी काय वेगळं करत होतो? फरक एवढाच की डीलॉर्मनी वजन, फेऱ्या, तारीख लिहून ठेवली, म्हणून दुसरा कुणी ती पद्धत पडताळू शकला. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी. व्यायाम हा पहिलवानांचा शौक उरला नाही, सगळ्यांचं औषध झाला.

आपल्याकडे मात्र स्वातंत्र्यानंतर हा प्रवाह जवळजवळ सगळा शाळेत वळला. अमरावतीच्या मंडळाचं पदवी महाविद्यालय १९६७ मध्ये निघालं, पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय १९७७ मध्ये. संभाजीनगरलाही शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय झालं. बी.पी.एड. केलं की पी.टी.चे सर व्हायचं, हा सरळ रस्ता ठरला. त्यातून हजारो घरं उभी राहिली, हे खरंच. पण चाळिशीचा दुकानदार, बाळंतपणानंतरची बाई, साखरेचा आजार असलेला शेतकरी यांना व्यायाम कोण शिकवणार, हा प्रश्न तसाच राहिला. शहरात १९३२ मध्ये विष्णुपंत तळवलकरांनी सुरू केलेल्या व्यायामशाळेसारख्या खाजगी जिमनी त्याचं थोडंफार उत्तर दिलं. खेड्यात ते कुणी दिलं नाही.

कुस्ती मात्र टिकली. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादलाच झाली. मानकरी दिनकर दह्यारी. डिसेंबर २०१८ मध्ये ही स्पर्धा जालन्यात भरली, तेव्हा राजूरपासून तासाभराच्या वाटेवर सबंध महाराष्ट्राची कुस्ती आली होती. बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफीक शेखनं पुण्याच्या अभिजीत कटकेला हरवून गदा खांद्यावर घेतली. बाला माती विभागातून आला होता, अभिजीत गादी विभागातून. जालन्याच्या मैदानावर त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांत भोकरदनकडची पोरं नक्कीच असणार.

त्यातल्या एखाद्यानं आज ट्रेनर व्हायचं ठरवलं तर त्याच्यापुढे बरेच रस्ते आहेत. शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, खाजगी संस्थांची काही महिन्यांची प्रमाणपत्रं आहेत. राज्याचं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठही आहे. ते आधी औरंगाबादला होणार असं जाहीर झालं होतं. डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला तेव्हा ते पुण्यात बालेवाडीला गेलं. राजूरहून बालेवाडी सुमारे ३०० किलोमीटर. खोलीभाडं, मेस आणि फी यांचा हिशेब घालताना शेतकरी बाप त्या अंतराची किंमत पैशात मोजतो. मराठवाड्यावरचा हा अन्याय आहे, आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

दुसरी अडचण भाषेची. खाजगी प्रमाणपत्रांची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. ज्यानं दहा वर्षं बैठका मारल्या त्याला ‘क्वाड्रिसेप्स’ आणि ‘एक्सेंट्रिक’ या शब्दांपाशी घाम फुटतो, बैठकीपाशी नाही. दहा खंडांचा मराठी कोश काढलेल्या भाषेत हे व्हावं, याची खंत वाटते. वर्गात डीलॉर्मचं नाव येतं. कुवलयानंदांच्या पाऱ्याचं, वैद्य बंधूंच्या उन्हाळी वर्गाचं यायला हवं.

तरी या शिक्षणानं हाती काय येतं ते अंगारकीच्या रस्त्यावर दिसू शकतं. हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती होऊ शकतात, याचा अंदाज बांधायला जुनं सूत्र आहे: २२० वजा वय. साठीच्या आजीसाठी ते १६० येतं. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी सुधारलेलं सूत्र, २०८ वजा वयाच्या सात दशांश, १६६ सांगतं. दोन्ही सरासरीचे आकडे. आजी त्यांत बसेलच असं नाही, म्हणून चांगला ट्रेनर आधी विचारतो: छातीत कधी दुखलं का, चक्कर येते का, गोळ्या कुठल्या चालू आहेत? रोज शेतात चालणाऱ्या आजीचे पाय आणि हृदय सरावलेले असतात, खुर्चीत बसून काम करणाऱ्या नातवाचे नसतात. मैलाच्या दगडावर तो का बसला, याचा उलगडा इथं होतो. आणि चालता चालता कुणी खरंच कोसळलं, श्वास थांबला, तर वर्गात बाहुलीवर घोटून घेतलेला धडा त्याच जागी लागू पडतो. आधी १०८ ला फोन, मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे, हात ताठ, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत न थांबता.