सातबारा: दोन वह्या, एक पान

बार्शी असो वा सांगोला, सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती पडणारा सातबारा हा मुळात एक दस्तऐवज नव्हेच. गाव नमुना ७ जमिनीवरील हक्क सांगतो, गाव नमुना १२ पिके. दोन्हींची गरज एकत्रच पडते, म्हणून ते एका उताऱ्यात आले.

फेरफाराची गोष्ट निराळी. वारसा, खरेदी, वाटणी यांचा तपशील नमुना ६ मध्येच राहतो. सातबाऱ्यावर येतो केवळ त्याचा क्रमांक. वाद उद्भवला की त्या क्रमांकाचा माग काढत जुनी नोंदवही उघडायची. क्रमांकच चुकला, तर वारसाने आपला हक्क शोधावा कोठे?

संगणकशास्त्रापुढे हा पेच पुष्कळ उशिरा आला. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडली. २००१ मध्ये अवतरलेल्या हायबरनेटसारख्या साधनांनी ते तक्ते प्रोग्रॅममधील ऑब्जेक्टांशी जोडले. संबंधित नोंदी सातबाऱ्याप्रमाणे आधीच एकत्र आणणे म्हणजे ईगर लोडिंग; फेरफाराप्रमाणे मागितल्यावरच आणणे म्हणजे लेझी लोडिंग. दुसरी पद्धत काटकसरी खरी, पण फसवी. शंभर गटांची यादी एका क्वेरीत मिळते. मग प्रत्येक गटाच्या फेरफारांसाठी स्वतंत्र क्वेरी, म्हणजे एकूण १०१. तलाठ्याने एकाच सकाळी शंभरदा दप्तर बांधावे आणि शंभरदा सोडावे, तसे.