पहिल्या ख्रिस्तींची पंगत

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातल्या शहरांमध्ये सुखवस्तू लोक संध्याकाळचे मुख्य जेवण मंचकावर रेलून घेत. जेवणघरात तीन बाजूंना तीन मंचक आणि एकेकावर तिघे, असे नऊ जण एका वेळी जेवत. कोण कुठे टेकणार हे यजमान ठरवी आणि त्या जागेवरूनच पाहुण्याची पत कळे. भेद ताटापर्यंत आणि पेल्यापर्यंत पोचलेला असे. रोमन लेखक धाकटा प्लिनी एका पत्रात अशा एका यजमानाचा समाचार घेतो. त्याने मद्याच्या तीन प्रती ठेवल्या होत्या: उत्तम स्वतःसाठी आणि खास पाहुण्यांसाठी, मध्यम कमी मानाच्या मित्रांसाठी आणि हलकी मुक्त केलेल्या गुलामांसाठी. प्लिनीच्या घरी सगळ्यांना एकच मद्य असे. पण त्यातली मेख अशी, की तो पाहुण्यांना आपले उंची मद्य पाजत नसे, त्यांच्याबरोबर स्वतःच साधे पीत असे.

ज्यांना असे जेवणघर परवडत नव्हते, ते मंडळे काढत. कुणाचे मंडळ धंद्याचे, कुणाचे देवाचे, कुणाचे अंत्यविधीच्या खर्चाची सोय करणारे. रोमजवळच्या लानुवियम गावात इ.स. १३६चा एक शिलालेख सापडला असून त्यावर डायना देवी आणि देव मानला गेलेला अँटिनोअस यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळाचे नियम कोरलेले आहेत. प्रवेशाला १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक रांजण, दरमहा वर्गणी ५ अस (सेस्टर्स आणि अस ही रोमन नाणी). जेवणाची पाळी ज्यांच्यावर येई त्यांनी मद्य, माणशी दोन अस किमतीची भाकरी आणि चार मासे पुरवायचे. जागा सोडून गडबड केली तर ४ सेस्टर्स दंड, शिवीगाळीला १२. गुलामही सभासद होऊ शकत. गुलामीतून मुक्तता मिळाली की मंडळाला मद्याचा एक रांजण द्यावा लागे. ख्रिस्ती मंडळ्यांची पहिली जेवणे बाहेरून पाहणाऱ्याला याहून फारशी वेगळी दिसली नसती. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमणे, जेवणे, मग गाणे, प्रार्थना आणि बोलणे, हा साचा सगळ्यांचाच होता. वेगळेपण होते ते कोण कोणाजवळ बसतो आणि काय खात नाही, यात.

हे दोन्ही प्रश्न ज्यू परंपरेतून आले होते. येशूचे पहिले अनुयायी ज्यू होते आणि ज्यूंचे खाण्याचे नियम हीच परक्या शहरांत त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट होती. रोमन इतिहासकार टॅसिटस ज्यूंवर ठपका ठेवतो, की हे लोक इतरांपासून वेगळे जेवतात. ज्यू इतिहासकार जोसेफसने दिलेल्या एका फर्मानानुसार, ज्यूलियस सीझरने रोममधल्या इतर मंडळांवर बंदी घातली, पण ज्यूंना सामुदायिक जेवणाची मुभा ठेवली.

अंत्युखिया हे सिरियातले मोठे शहर. इथल्या मंडळीत सुंता झालेले ज्यू आणि सुंता न झालेले ग्रीक एकत्र जेवू लागले होते. इ.स. ४८-४९च्या सुमारास येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात जेवत होता. मग यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा म्होरक्या याकोब याच्याकडची माणसे आली आणि पेत्र हळूहळू मागे सरला. त्याच्या पाठोपाठ बाकीचे ज्यू आणि खुद्द पौलाचा सहकारी बर्णबाही. ज्यूतरांत प्रचार करणाऱ्या पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला सुनावले. ही हकिगत पौलाच्याच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पेत्राने काय उत्तर दिले हे तो सांगत नाही, आणि त्यानंतर पौलाने अंत्युखियात फार काळ मुक्काम केलेला दिसत नाही. हा वाद त्याने जिंकला नसावा, असे बरेच अभ्यासक मानतात. भांडणाचा विषय देवाचे स्वरूप किंवा येशूचे पुनरुत्थान नव्हता, रोटीव्यवहार होता. एका ताटाला बसता येत नसेल तर दोन समाज निर्माण होतात, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात यावर तडजोड सापडते: ज्यूतर ख्रिस्तींनी सुंता करण्याची गरज नाही, पण मूर्तीला दाखवलेला नैवेद्य, रक्त आणि गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य करावे आणि अनैतिक संबंधांपासून दूर राहावे.

करिंथचा पेच निराळा होता. जुने करिंथ रोमनांनी उद्ध्वस्त केले होते, इ.स.पू. ४४मध्ये सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. मुक्त गुलाम, व्यापारी, खलाशी यांचे ते गाव, जिथे नव्या पैशाला जुन्या घराण्यांचा धाक नव्हता. इ.स. ५५च्या आसपास पौलाने तिथल्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्यात प्रभुभोजनावरून, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरी-पेल्याच्या जेवणावरून, खरमरीत शब्द आहेत. जो तो आपलेच जेवण आधी उरकतो, एक जण उपाशी राहतो आणि दुसऱ्याला मद्य चढते, अशी त्याची तक्रार आहे. जर्मन अभ्यासक गेर्ड थाइसन याने १९७०च्या दशकात याचा सामाजिक उलगडा केला. सधन सभासदांना वेळ मोकळा असे. ते लवकर येत आणि आपल्या दर्जाचे खात. गुलाम आणि मजूर काम संपवून उशिरा पोचत, तोवर भाकरीच्या तुकड्यापलीकडे काही उरलेले नसे. करिंथजवळ अनाप्लोगा इथे उत्खननात मिळालेल्या एका हवेलीचे जेवणघर अंदाजे साडेसात मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद आहे. एवढ्यात मंचकांवर नऊ-दहा जण मावतात. चाळीस माणसे आली तर बाकीच्यांना चौकात जावे लागणार. म्हणजे पंक्तिभेद मुद्दाम करायचीही गरज नव्हती, घराच्या बांधणीनेच तो होत होता. या उलगड्यातले तपशील पुढे वादात सापडले. त्या हवेलीत ख्रिस्ती जमत असल्याचा पुरावा तर काहीच नाही. तरी पौलाने सुचवलेला उपाय या चित्राशी जुळतो: एकमेकांसाठी थांबा, आणि भूक अनावर असेल तर घरी खाऊन या. यजमानाची श्रीमंती मोडायला तो सांगत नाही, मंडळीच्या जेवणात ती दिसू देऊ नका एवढेच बजावतो.

त्याच पत्रात मांसाचा प्रश्नही आहे. बाजारात मिळणारे बरेचसे मांस देवळातल्या बळीचे असे आणि देवळांना जोडून जेवणघरेही होती. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरच्या चिठ्ठ्यांत सरापिस देवाच्या मंचकावर जेवायला येण्याची निमंत्रणे आहेत. पौलाने सोय काढली. बाजारातून आणलेले मांस चौकशी न करता खा, मित्राने बोलावले तर जे वाढेल ते खा. पण हा नैवेद्य आहे असे कुणी सांगितले तर खाऊ नका, आणि देवळातल्या पंगतीला जाऊ नका. सगळ्यांना ही ढिलाई मान्य नव्हती. नव्या करारातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना नैवेद्य खाण्यावरून सरळ फैलावर घेतले आहे. थुवतीरात कारागिरांची मंडळे बरीच होती. मंडळाच्या जेवणाला न जाणारा रंगारी किंवा चर्मकार धंद्याच्या ओळखी गमावून बसे, त्यामुळे तिथला मोह पोटापाण्याचाही होता.

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेल्या ‘दिदाखे’ या पुस्तिकेत जेवणाचे नियम लेखी दिसू लागतात. पुस्तिका शतकानुशतके हरवलेली होती. १८७३मध्ये फिलोथेओस ब्रिएनिओस या धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथसंग्रहात तिची १०५६ साली उतरवलेली प्रत मिळाली. तीत आधी पेला, मग भाकरी असा क्रम आहे आणि पोट भरल्यावर म्हणायची प्रार्थना वेगळी दिली आहे, म्हणजे ते खरेखुरे जेवण होते. बाप्तिस्मा न झालेल्याने त्यात भाग घेऊ नये असा स्पष्ट नियम आहे. उपवासाचे वारही बदलले: ‘ढोंगी’ लोक, म्हणजे बहुधा धार्मिक ज्यू, सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, म्हणून ख्रिस्तींनी बुधवारी आणि शुक्रवारी करावा. अंत्युखियात ज्यूतरांसाठी उघडलेल्या पंगतीला आता दार बसले होते.

बंद दारामागे काय चालते याची कुजबुज ठरलेलीच. इ.स. ११२च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा अधिकारी म्हणून प्लिनीने (मद्याच्या तीन प्रतींवर टीका करणारा तोच) ख्रिस्तींची चौकशी केली. दोन दासींचे त्याने हाल केले, त्या मंडळीत सेविका म्हणून ओळखल्या जात. हाती लागले ते एवढेच, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून गातात, शपथ घेतात आणि नंतर पुन्हा जमून साधे, निरुपद्रवी अन्न खातात. मंडळांवर बंदी आल्यावर जेवणही त्यांनी सोडले होते. बळीच्या मांसाला फारसे गिऱ्हाईक उरले नव्हते, ते पुन्हा मिळू लागले, असेही तो सम्राट ट्रेजनला कळवतो. तरीही अफवा थांबल्या नाहीत. पिठात गुंडाळलेले मूल मारून खातात, मग दिवा पाडून अंधारात व्यभिचार करतात, अशा आरोपांची यादी ख्रिस्ती लेखक मिनुकियस फेलिक्सच्या संवादात आहे. इ.स. १७७मध्ये गॉलमधल्या लियों इथल्या छळात बिब्लिस नावाच्या बाईने याला दिलेले उत्तर चर्चचा इतिहासकार युसेबियसने नोंदवले आहे: ज्यांना जनावराचे रक्तही चालत नाही ते मुलांना कसे खातील? अंत्युखियाच्या वादातून निघालेला रक्ताचा निर्बंध सव्वाशे वर्षांनी गॉलमध्येही पाळला जात होता, हे यातून कळते.

दरम्यान भाकरी आणि पेला जेवणापासून सुटे होत गेले. १५०च्या दशकात रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिनने वर्णन केलेल्या रविवारच्या सभेत वाचन, प्रार्थना, भाकरी, पाणी मिसळलेला द्राक्षारस आहे, पोटभर जेवण नाही. न आलेल्यांना त्यांचा वाटा घरपोच जाई. संध्याकाळचे सामुदायिक जेवण, म्हणजे प्रीतिभोजन, वेगळे चालू राहिले. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन इ.स. १९७च्या सुमारास सांगतो, की त्यात गरिबांना आधार मिळतो, जेवण बेताचे असते आणि हात धुऊन दिवे लागल्यावर गाणे होते. भाकरीचा विधी पहाटे सरकल्याने वेगळीच पंचाईत झाली. इ.स. २५०च्या दशकात कार्थेजचा बिशप सिप्रियन काही जणांना फटकारतो, कारण सकाळी सकाळी तोंडाला द्राक्षारसाचा वास येऊन ओळख उघड होईल या भीतीने ते पेल्यात नुसते पाणी घेत होते. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस इथले ख्रिस्ती सभागृह याच काळातले. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे १३ मीटर लांबीची जागा केलेली, एका टोकाला छोटा चौथरा. हे शहर इ.स. २५६च्या सुमारास पडले. त्या सभागृहात माणसे मंचकावर न रेलता समोर पाहत बसत किंवा उभी राहत.

याच सुमारास सरकारनेही घास हीच कसोटी ठरवली. सम्राट डेसियसच्या हुकुमावरून इ.स. २५०मध्ये प्रत्येकाला देवांना बळी देऊन त्याचे मांस चाखावे लागले आणि तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले मिळाले आहेत.

पुढे चर्चच्या परिषदा ज्यूंबरोबरच्या पंगतीकडे वळल्या. स्पेनमधल्या एल्विरा परिषदेने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ज्यूंसोबत जेवणाऱ्याला प्रभुभोजनातून वगळण्याचा नियम केला. इ.स. ३८६-८७मध्ये धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोमने अंत्युखियात ज्यूंच्या सणांना जाणाऱ्या ख्रिस्तींविरुद्ध जहरी प्रवचने दिली. श्रोते जात होते म्हणूनच ती द्यावी लागली.

सर्वांत चिवट निघाली ती थडग्यांवरची पंगत. मृतांच्या स्मरणदिनी कबरीपाशी जेवण्याची रोमन रीत ख्रिस्तींनी तशीच चालवली. रोममध्ये मार्सेलिनस आणि पीटर यांच्या भुयारी दफनभूमीतल्या चित्रांत जेवणारे दिसतात आणि वर मद्यात पाणी मिसळण्याची, गरम पाणी आणण्याची फर्माइश लिहिलेली आहे. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनची आई मोनिका मिलानमध्ये हुतात्म्यांच्या स्थळी लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हा द्वारपालाने तिला अडवले. बिशप अँब्रोजने ही प्रथा बंद केली होती. इ.स. ३९५मध्ये ऑगस्टिनने उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोतही ती मोडून काढली. लोकांचा सवाल होता, की आजवर चालले ते आताच का नको? मूर्तिपूजक झुंडीने ख्रिस्ती होत असताना त्यांना सणांच्या मेजवान्या सोडवेनात, म्हणून पूर्वीच्यांनी ही सवलत दिली, असा खुलासा त्याने केला. लावदिकीयाच्या परिषदेने त्याआधीच देवाच्या घरात प्रीतिभोजन घालण्यास आणि मंचक मांडण्यास मनाई केली होती. इ.स. ६९२मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या त्रुल्लो परिषदेने हाच नियम मंचकांसकट पुन्हा काढला आणि न ऐकणाऱ्याला मंडळीबाहेर घालवण्याची शिक्षा ठेवली.