गळाला लागणारा मासा आला कुठून?

सध्या तलावाच्या काठावर गळ टाकणाऱ्या पोरांच्या बॅगेत एक रबरी बेडूक हमखास असतो. असे बेडूक अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी बनवले जाऊ लागले. आपल्या तलावांत बास नाही. इथे त्या बेडकावर झडप घालते ती मरळ. बाससारखीच तीही पाणगवतात दबा धरून बसते. शिवाय ती पाण्यावर तोंड काढून हवाही घेते, म्हणून उन्हाळ्यात आटलेल्या गढूळ डबक्यातसुद्धा तग धरते. मरळ इथली मूळची रहिवासी.

बाकीच्यांचं तसं नाही. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या छोट्या तलावात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नद्यांतून गोळा करून आणावं लागायचं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तिथून बीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि गावोगावच्या तलावांत बोटुकली सोडणं शक्य झालं. तिलापियाची गोष्ट उलटी. आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. त्याला ना इंजेक्शन लागतं, ना वाहतं पाणी. एकदा शिरला की तो स्वतःच वाढत जातो आणि इतरांची जागा खातो.

आता आपल्या नळाकडे या. उस्मानपुऱ्यात येणारं पाणी पैठणहून, नाथसागरातून येतं. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींनी. सुमारे 350 चौरस किलोमीटरचा हा जलाशय आपल्याला पाणी, शेतीला कालवे आणि पक्ष्यांना अभयारण्य देऊन गेला. पण गोदावरीच्या वाहत्या पाण्यावर जगणाऱ्या भोई समाजासाठी नदीचा तलाव झाला. डोह, धार, पुराची वेळ हे पिढ्यांचं ज्ञान तिथे अपुरं पडलं. नदीत जाळं टाकायला ओळख पुरत होती, तलावात ठेका लागतो.

राज्यातल्या अनेक तलावांची मासेमारी आज मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. बीज त्या विकत घेतात, सोडतात, राखतात. म्हणजे आपण हौसेने ओढलेला दोन किलोचा कटला हा रानातला मासा नसतो, ते कुणाचं तरी पीक असतं. शेतातली कणसं आपण विचारल्याशिवाय तोडत नाही.

तेव्हा रीळ घेऊन निघालात तर आधी काठावरच्या संस्थेच्या माणसाला विचारा, फी असेल तर भरा. आणि पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली त्यांची राखण करणारी मरळ असते. ती उचलली तर तिच्या जागी बोटुकली सोडायला बहुधा कुणी येत नाही.